घरातली वागणूक मोजली तेव्हा

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातले स्टीफन रसेल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फार साधा प्रश्न विचारला होता. तीन शहरांतली १५ ते २१ वयाची १२९ मुलंमुली त्यात होती. जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी अशी जी नोंद झाली, तिच्याशी या सगळ्यांची आतली ओळख जुळत नव्हती, म्हणजे ही पारलिंगी मुलं होती. त्यांतल्या अनेकांनी स्वतःसाठी वेगळं नाव निवडलं होतं. संशोधकांनी विचारलं, या नावाने तुला कुठे कुठे हाक मारतात? घरी, शाळेत, कामावर, मित्रमंडळींत?

आकडेमोड झाल्यावर जे दिसलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. या चारांपैकी आणखी एका ठिकाणी निवडलेलं नाव वापरलं जात असेल, तर नैराश्याची लक्षणं कमी होती, आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी होते आणि आत्महत्येच्या प्रयत्नासारखं वर्तन ५६ टक्क्यांनी कमी होतं. यात कुठली गोळी नाही, इंजेक्शन नाही. कोणीतरी त्या मुलाला त्याच्या नावाने जेवायला बोलावलं, एवढंच.

मराठी घरात तर ही गोष्ट नावापाशी थांबत नाही. 'मी आलो' की 'मी आले', 'मी जेवतो' की 'मी जेवते'? आपल्या भाषेत मूल स्वतःबद्दल बोलू लागलं की क्रियापद त्याचं लिंग सांगून मोकळं होतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला 'मी' म्हणताना ही निवड करावीच लागत नाही. भविष्यकाळात थोडी सुटका आहे. 'मी येईन', 'मी करीन' हे सगळ्यांचं सारखं. पण माणूस सतत भविष्यकाळात किती बोलणार? स्वतःला मुलगी मानणाऱ्या, पण घरात मुलगा म्हणून वाढणाऱ्या मुलाला शाळेतून आल्यावर 'मी आलो' म्हणायचं की काहीच न बोलता आत जायचं, हे रोज ठरवावं लागतं. आणि ज्या दिवशी ते धीर करून 'मी आले' म्हणतं, त्या दिवशी समोरचा माणूस काय करतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. किती ठरतं, हे मोजण्याचं काम गेल्या वीसेक वर्षांत झालं, आणि ती हकिकत मला विलक्षण वाटते.

तिची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत झाली. केटलिन रायन या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या बाई आणि मानसशास्त्रज्ञ रफाएल डियाझ यांनी २००२ च्या सुमारास तिथल्या राज्य विद्यापीठात 'फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट' सुरू केला. तोवर समलिंगी किंवा पारलिंगी मुलांसाठी काम करणाऱ्या बहुतेकांनी मनात एक गृहीत धरलेलं असे की घरचे स्वीकारणारच नाहीत. म्हणून मुलाला घराबाहेर आधार द्यायचा, गट जोडून द्यायचे, निवारा द्यायचा. आईवडिलांशी बसून बोलायचं फारसं कोणाला सुचत नव्हतं. रायन आणि डियाझ यांच्या चमूने मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या लांबच लांब मुलाखती घेतल्या, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. मूल असं आहे हे कळल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत, काय बोललात, हे विचारलं. त्या मुलाखतींतून वागण्याच्या १०६ तऱ्हा वेगळ्या काढल्या. काही नकाराच्या, काही स्वीकाराच्या.

ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती इतकी घरगुती आहे. नकाराच्या बाजूला मारहाण आहे, घराबाहेर काढणं आहे, हे अपेक्षितच. पण तिथेच हेही आहे: घरातल्या कार्यक्रमाला मुलाला न नेणं. त्याच्यासारख्या मित्रांना भेटू न देणं. शाळेत त्रास झाला तर 'तूच तसा वागतोस म्हणून होतं' म्हणणं. जरा पुरुषासारखं, जरा बाईसारखं वाग असा धोशा लावणं. देव शिक्षा करील असं सांगणं. ही गोष्ट आजीआजोबांना कळता कामा नये, अशी शपथ घालणं. स्वीकाराच्या बाजूला आहे: विषय निघाला तर टाळाटाळ न करता बोलणं. मुलाचे मित्र घरी आले तर त्यांना नीट बसवणं. नातेवाईक वाकडं बोलले तर त्यांना तिथल्या तिथे थांबवणं. या मुलालाही मोठं होऊन चांगलं आयुष्य मिळेल, यावर विश्वास ठेवणं आणि तसं त्याला सांगणं.

मग त्यांनी २१ ते २५ वयाच्या तरुणांना विचारलं की तुमच्या किशोरवयात घरी यांतलं काय काय घडलं, किती वेळा घडलं. २००९ साली 'पिडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. २२४ गोरे आणि लॅटिनो तरुण, सगळे समलिंगी किंवा उभयलिंगी. घरून खूप नकार मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता, फारसा नकार न मिळालेल्यांच्या तुलनेत, ८.४ पट होती. तीव्र नैराश्याची शक्यता ५.९ पट. पुढच्या वर्षीच्या निबंधात २४५ तरुण होते आणि त्यांत काही पारलिंगीही होते. तिथे उलट बाजू तपासली, तेव्हा घरचा स्वीकार असलेल्यांमध्ये आत्मसन्मान जास्त आढळला आणि एकूण तब्येतही चांगली.

इथे सावध वाचक विचारील की हे तर आठवणींवर आधारलेलं आहे. जो आज खचलेला आहे त्याला कालचं घर जास्त काळं दिसत असेल. शंका रास्त आहे. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. नावाच्या अभ्यासालाही हेच लागू. पण वेगवेगळ्या संशोधकांनी, वेगवेगळ्या वयाच्या मुलांमध्ये, वेगवेगळ्या पद्धतीने पाहिलं तरी बोट त्याच दिशेला जातं, तेव्हा ते गांभीर्याने घ्यावं लागतं.

उदाहरणार्थ, क्रिस्टिना ओल्सन. वॉशिंग्टन विद्यापीठात असताना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. २०१६ साली त्यांनी ३ ते १२ वयाच्या ७३ पारलिंगी मुलांची माहिती मांडली. या सगळ्यांच्या घरच्यांनी त्यांना त्यांच्या ओळखीप्रमाणे राहू दिलं होतं. कपडे, केस, नाव, सर्वनाम, सगळं. या वयात वैद्यकीय उपचारांचा प्रश्नच नव्हता. त्याआधीचे बहुतेक अभ्यास अशा मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता भरपूर असते असं सांगत होते. ओल्सन यांच्या मोजणीत नैराश्याचा सरासरी गुण ५०.१ आला. त्या मोजपट्टीवर सर्वसाधारण मुलांची सरासरी ५० धरलेली आहे. चिंता किंचित जास्त होती, नैराश्य मात्र इतर मुलांइतकंच! माहिती आईवडिलांनी दिली होती, म्हणून पुढच्या वर्षी त्यांच्या चमूने थोड्या मोठ्या मुलांना स्वतःबद्दल विचारलं. चित्र तसंच राहिलं.

याचा अर्थ काय लावायचा? इलान मायर या संशोधकाने २००३ साली मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. अल्पसंख्य लैंगिक ओळख असलेल्या माणसांत मानसिक त्रास जास्त दिसतो, तो त्या ओळखीमुळे नव्हे. हिणवलं जाण्याचा, लपून राहण्याचा, कधीही उघडं पडू या धास्तीचा जो जादा ताण त्यांच्या वाट्याला येतो, त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, जन्मावेळची नोंद आणि आतली ओळख यांतली विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. मूल आजारी नाही. त्याच्यावरचा भार मात्र खरा आहे, आणि त्यातला मोठा वाटा घरातून येऊ शकतो किंवा घरात उतरवला जाऊ शकतो.

आता मला सर्वांत भावलेल्या भागाकडे येतो. घर बदलता येतं का?

फिलाडेल्फियात गाय डायमंड आणि सुझॅन लेव्ही यांनी, इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या गॅरी डायमंड यांच्यासह, नैराश्यात आणि आत्महत्येच्या विचारांत अडकलेल्या किशोरवयीन मुलांसाठी एक कौटुंबिक उपचारपद्धती घडवली. साधारण १२ ते १६ आठवड्यांची. तिचा पाया जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविश्लेषकाच्या सिद्धांतात आहे: संकटात सापडलेलं मूल आपल्या माणसाकडे धावतं, आणि तिथे आसरा मिळेल हा भरवसा त्याच्या मनाचा कणा असतो.

पहिल्या बैठकीला सगळे एकत्र येतात. आईवडिलांची अपेक्षा असते की आता हे तज्ज्ञ आमच्या मुलाला 'ठीक' करतील. थोडं बोलणं झाल्यावर थेरपिस्ट मुलाकडे वळून एक प्रश्न विचारतो, ज्याचा आशय असा: तुला जगणं नको झालं होतं, त्या वेळी तू आईबाबांकडे का गेला नाहीस? खोलीतली हवाच बदलते. आईवडील 'याला झालंय काय' हे विसरून 'हा आमच्यापाशी का आला नाही' याचा विचार करू लागतात. त्या क्षणापासून मुलाची दुरुस्ती मागे पडते आणि नात्याची दुरुस्ती सुरू होते. एका प्रश्नाने संपूर्ण उपचाराची दिशा फिरते, हे मला अजूनही थक्क करतं.

पुढचा टप्पा मुलाबरोबर एकट्याने. भरवसा नेमका कधी तुटला, कुठल्या वाक्याने तुटला, हे शोधायचं आणि ते आईवडिलांसमोर मांडायची तयारी करायची. मग आईवडिलांबरोबर एकट्याने. इथे या पद्धतीची खरी करामत आहे. थेरपिस्ट त्यांना उपदेश करत नाही. तो विचारतो, तुम्ही या वयाच्या होतात तेव्हा फार दुःख झालं तर कोणाकडे जात होतात? कोणी जवळ घेत होतं का? 'आमच्या वेळी असले लाड नव्हते' म्हणणारे वडील हळूहळू सांगू लागतात की दहावीत नापास झाल्यावर मळ्यात जाऊन एकटेच रडलो होतो, अशा काहीतरी आठवणी. जे स्वतःला मिळालं नाही त्याची जाणीव झाली की ते मुलाला द्यावंसं वाटतं. चौथ्या टप्प्यात मूल बोलतं आणि आईवडील ऐकतात. मध्ये न तोडता, सफाई न देता. जमलं तर माफी मागतात. शेवटचा टप्पा मुलाला पुन्हा शाळेकडे, मित्रांकडे, स्वतःच्या आयुष्याकडे वळवण्याचा.

समलिंगी आणि उभयलिंगी मुलांसाठी ही पद्धत वळवून घेताना या मंडळींना लगेच कळलं की आईवडिलांसोबतच्या एकट्या बैठका वाढवाव्या लागतील. कारण त्यांच्या मनातही एक स्वप्न मोडलेलं असतं. लग्न, सून, जावई, नातवंडं. राग असतो, लाज असते, आणि सगळ्याच्या तळाशी बहुतेक वेळा भीती असते: आपल्यामागे याचं कसं होणार? ते दुःख ऐकून घेतलं जाईपर्यंत आईवडिलांच्या मनात मुलाच्या दुःखाला जागा होत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छोट्या चाचणीत आत्महत्येचे विचार येणारी दहाच मुलं होती. बारा आठवड्यांनंतर त्यांचे ते विचार आणि नैराश्य दोन्ही लक्षणीय घटले, आणि आईपासून दूर राहण्याची ओढही कमी झाली.

दहा म्हणजे फारच थोडी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. सर्वसाधारण किशोरवयीनांवरच्या २०१० च्या ६६ जणांच्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली होती. २०१९ च्या १२९ जणांच्या चाचणीत मात्र तिची तुलना मन लावून ऐकणाऱ्या आधारात्मक उपचाराशी झाली, जिथे आईवडिलांनाही काही माहिती दिली जात होती, आणि दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. काहींना ही निराशाजनक बातमी वाटेल. मला ती आशेची वाटते. एका विशिष्ट पद्धतीचं प्रमाणपत्र असलेला थेरपिस्ट आपल्या तालुक्यात नसेल. शांतपणे ऐकणारा, मुलाला न हिणवणारा आणि घरच्यांना सोबत घेणारा माणूस तयार करणं त्या मानाने आवाक्यातलं आहे.

रायन यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आपल्या घरांना फार उपयोगी आहे. आईवडिलांचं पूर्ण मतपरिवर्तन व्हायची वाट पाहावी लागत नाही. नकार थोडा कमी झाला तरी जोखीम उतरते. म्हणून हा प्रकल्प धार्मिक कुटुंबांशी त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता बोलतो. मॉर्मन पंथाच्या कुटुंबांसाठी तर २०१२ साली वेगळी पुस्तिकाच काढली. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी राहू द्या, पण मुलाला देवाची भीती घालणं थांबवा आणि त्याच्याशी जेवताना बोला. आपल्याकडचे देवभोळे आजोबा हा करार सहज मान्य करू शकतील असं मला वाटतं.

भारतात या विषयावरचा सर्वांत हृद्य प्रसंग एका न्यायालयात घडला. २०२१ साली मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींसोबत राहण्यासाठी चेन्नईला आल्या. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली, मुली संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना समुपदेशनासाठी पाठवलं. आईवडिलांच्या मनात लोकलज्जा होती, आणि मुलींच्या सुरक्षिततेची काळजीही. मग न्यायमूर्तींनी आदेशात लिहिलं की या विषयाची आपल्यालाही पुरेशी समज नाही, आणि निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञ विद्या दिनकरन यांच्यासमोर शिकायला बसले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी अशा व्यक्तींना 'बरं' करण्याच्या नावाखाली चालणाऱ्या उपचारांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनात धरलं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश जे करू शकला, ते कुठल्याही बापाला कमीपणाचं वाटायचं कारण नाही.

महाराष्ट्रात या बाबतीत दोन आयुष्यं सगळ्यांसमोर आहेत. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि पुण्यात वाढलेल्या गौरी सावंत. तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाशी दोघींचंही नाव जोडलेलं आहे. लक्ष्मीचं कुटुंब तिच्यासोबत राहिलं. गौरीला किशोरवयातच घर सोडावं लागलं. पुढे तिने एका अनाथ मुलीला वाढवलं आणि स्वतः आई झाली. दोन आयुष्यांवरून नियम काढता येत नाही. पण घर सुटलेल्या सगळ्यांना गौरीसारखं उभं राहता आलं असेल, असं कोण म्हणेल?

आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. किशोरवयीन मुलांना संप्रेरकांचे उपचार द्यावेत का, कधी द्यावेत, यावर जगात वाद चालू आहे; ब्रिटनमधल्या २०२४ च्या कॅस अहवालाने त्यासाठीचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं, तर अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय संघटनांनी त्या उपचारांची बाजू घेतलेली आहे. तो प्रश्न डॉक्टरांसोबत, सावकाशीने सोडवायचा. मुलाशी मायेने बोलायला, त्याला मारू नये हे ठरवायला, त्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. खुद्द कॅस अहवालही अशा मुलांना मानसिक आधार मिळावा आणि घरच्यांना सोबत घ्यावं असंच सांगतो.

अमेरिकेतल्या 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' या संस्थेने २०१९ साली सांगितलं की किमान एक प्रौढ माणूस आपल्याला स्वीकारतो असं म्हणणाऱ्या मुलांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी होती. एक माणूस. तो बापच असायला हवा असं नाही. आपल्या घरांत आत्या आहे, मामा आहे, मावशी आहे, वरच्या मजल्यावरच्या काकू आहेत. तुम्ही त्यांपैकी कोणी असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. मूल जे नाव सांगेल ते एकदा उच्चारून पाहा. लग्नाकार्यात कोणी टोमणा मारला तर 'आमच्या पोराला असं बोलायचं नाही' एवढं म्हणा. आईवडील असाल आणि अजून मन मानत नसेल, तर आधी तुमचं दुःख एखाद्या मोठ्या माणसापाशी रिकामं करा, मुलापाशी नको. मुंबईत 'स्वीकार' हा अशाच पालकांचा गट आहे. ज्यांनी हे सोसलं त्यांच्याशी बोलता येतं.

समुपदेशकाकडे जाणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा, तुम्ही मुलाला बदलायचा प्रयत्न करणार का? उत्तर 'हो' आलं, तर उठून या. आणि आज रात्रीच कोणाशी तरी बोलायची वेळ आली असेल, तर सरकारच्या टेली-मानस या मदतसेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.